पोत्याखालचा विंचू

शनिवारची शाळा सकाळची. ती सुटली की हमरापूर-जोह्याकडची मुलं गणपतींच्या कारखान्यांकडे पळत, खारेपाटातली एसटी गाठत आणि वर्गात उरत दहा-बारा जण. पेणला इंग्रजी शिकवत होते तेव्हा या उरलेल्यांना घेऊन मी तासभर कविता वाचायचे. परीक्षेत न येणाऱ्या कविता. फळ्यावर शब्दार्थ लिहायचे नाहीत, उत्तरं उतरवून द्यायची नाहीत, एवढंच ठरवलं होतं.

पहिले शनिवार कोरडे गेले. वर्ड्‌सवर्थची डॅफोडिल्सची कविता मुलांनी शहाण्यासारखी पाठ केली. ते फूल त्यांनी पाहिलेलं नव्हतं, मीही नाही. परक्या घरी पाहुणी गेल्यासारखी मुलं अंग चोरून बसायची.

मग एका पावसाळ्यात निसीम इझिकेल यांच्या 'नाइट ऑफ द स्कॉर्पियन'च्या झेरॉक्स काढून नेल्या. १९६५च्या 'द एक्झॅक्ट नेम' संग्रहातली ही कविता. सलग दहा तासांच्या पावसानं विंचू तांदळाच्या पोत्याखाली शिरलेला. तो कवीच्या आईला चावतो. गावकरी कंदील घेऊन येतात, देवाचं नाव घेतात, मागच्या जन्मीचं पाप जळेल म्हणून धीर देतात. वडील कशावर विश्वास न ठेवणारे, पण त्या रात्री तेही पुड्या, झाडपाला सगळं करून बघतात, शेवटी डसलेल्या बोटावर रॉकेल ओतून काडी लावतात. मांत्रिकाचे मंत्र चाललेलेच असतात. वीस तासांनी वेदना ओसरते, आणि तोवर नुसती तळमळणारी आई एकच वाक्य बोलते.

पोत्यापर्यंत आलो आणि वर्ग सरसावून बसला. "बाई, आमच्याकडं त्याला इचू म्हणतात." मग प्रत्येकाचा एकेक विंचू निघाला. कुणाचा लाकडांच्या ढिगात, कुणाचा चपलेत. कुणाच्या काकानं विंचू उतरवणाऱ्याला मध्यरात्री उठवून आणलेलं. कविता तीनदा वाचली. शब्दाचा अर्थ कुणी विचारला नाही.

कवी कोण, हे मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. इझिकेल १९२४ साली मुंबईत, मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल ज्यू कुटुंबात जन्मले. हा समाज आपल्याच किनाऱ्यावरचा. नवगावजवळ गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरागत कथा. इथे त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. आडनावं गावांवरून: पेणकर, रोहेकर, किहीमकर, चेऊलकर. इस्राएल स्थापन झाल्यावर बरेच जण तिकडे गेले, पण पेणमध्ये त्यांचं सिनेगॉग आहे. एक मुलगा हळूच म्हणाला, "म्हणजे हे आपल्याकडचेच." मला त्या 'आपल्याकडचे'चं फार अप्रूप वाटलं. इंदिरा संतांच्या कविता वृंदा नाबर यांच्यासोबत इंग्रजीत नेणारे इझिकेल हेच, हेही सांगितलं.

कविता करून दाखवायची हे मुलांनीच ठरवलं. हमरापूरच्या मुलानं शाडूचा विंचू केला, नांगी वर उचललेली, आणि कारखान्यात गणपतीचे डोळे आखतात तशा बारीक कुंचल्यानं त्याची पेरं रंगवली. गावकऱ्यांच्या तोंडच्या ओळी मात्र काही केल्या जमेनात. सगळे एकसुरात वाचायचे. एका आगरी मुलीची आजी धवलारीण, लग्नात धवले गाणारी. ती मुलगी म्हणाली, "बाई, आजीच्या चालीवर म्हणू का?" एकीनं ओळ उचलायची, बाकीच्यांनी ती मागून घोळवायची. अनोळखी इंग्रजी शब्द त्या चालीत असे बसले की मला माझा आवाज सावरावा लागला. इंग्रजी वाक्याचा तोल, श्वास कुठे घ्यायचा, हे मी वर्षभर समजावत होते ते त्या चालीनं करून दिलं. पाठांतर स्पर्धांवरचा माझा विश्वास तेव्हापासून उडालाय. मुलाला भाषा येते ती त्याच्या अंगात आधीच असलेल्या लयीचं बोट धरून. ती लय वर्गाबाहेर काढून ठेवायला सांगणं हा मला मुलावर अन्याय वाटतो.

एका मुलीनं विचारलं, "त्यांना दवाखान्यात का नाही नेलं?" खरा प्रश्न होता. मग डॉ. हिंमतराव बावस्करांची गोष्ट निघाली. १९७६ साली ते महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशावर दवाखान्यातही धड उपाय नव्हता. हृदय थकायचं, फुप्फुसात पाणी व्हायचं, लेकरं डोळ्यांदेखत जायची. रात्ररात्र रुग्णाशेजारी बसून केलेली त्यांची निरीक्षणं १९८२ साली लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. पुढे रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध त्यांनी दंशावर वापरलं आणि शंभरातले चाळीसपर्यंत होणारे मृत्यू एकावर आले. आपल्या ओळखीचा विंचू एकदा इंग्रजी कवितेत गेला, एकदा इंग्रजी वैद्यकात. इंग्रजी कशाला शिकायची, याचं याहून चांगलं उत्तर मला आजवर सापडलेलं नाही.

कवितेचा तो प्रयोग घेऊन आम्ही एका आंतरशालेय स्पर्धेला रोह्याला गेलो. भाषणांत चिंतामणराव देशमुखांचं नाव होतंच. १९१२ साली मॅट्रिकला पहिला आलेला, पुढे रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झालेला रोह्याचा मुलगा. त्यांनी मेघदूत मराठीत आणलं, हे कुणी बोललं नाही. आमचा क्रमांक आला नाही. उच्चार ग्रामीण, चाल अनुचित, असा शेरा मिळाला. परतीच्या गाडीत मुलं नागोठण्यापर्यंत गप्प होती. मीही. त्यांना त्या वेळी मी काही बोलले नाही, याची खंत अजून आहे.

स्नेहसंमेलनात पुन्हा एकदा केलं. आईचं काम वर्गातल्या सर्वांत अबोल मुलीकडे होतं. सबंध कवितेत तिला शेवटचं तेवढं वाक्य. ती ते सावकाश बोलली. पहिल्या रांगेत ती धवलारीण आजी बसली होती, अक्षराची ओळख नसलेली. खेळ संपल्यावर माझा हात धरून म्हणाली, "पोरांना नाय चावला म्हनून देवाला हात जोडलं तिनं, व्हय ना?"