हाई मन्हं नई

धुळ्याला पांझरा नदीजवळच्या आमच्या गल्लीत बरेच पुरुष सुरतेला कापडाच्या कारखान्यांत कामाला होते. त्यांच्या बायकांना लिहिता येत नव्हतं, मला येत होतं. त्यामुळे नवव्या वर्षीच मी गल्लीची लेखनिक झाले. दुपारची भांडी आटोपली की शेजारची जिजी निळं अंतर्देशीय घेऊन ओट्यावर बसायची. "लिख व माय, आठे समदं बरं शे." मग सासऱ्याचा खोकला, गायीचं दूध, संपत आलेले पैसे. स्वतःबद्दल अक्षर नाही. शेवटी नुसतं, "कव्हय येशात?"

मला ते पत्र फार कोरडं वाटायचं. एकदा मी खाली आपल्या मनाने दोन ओळी जोडल्या, सिनेमात ऐकलेल्या: आठवणीनं झोप लागत नाही, जीव तुटतो, असलं काहीतरी. जिजीचा नवरा, आमचे काका, आठवड्यात हजर! मी खूश. ते संशयाने आले होते, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. बायकोला ही भाषा शिकवली कोणी? दुसऱ्या दिवशी जिजी ओट्यावर आली, बसली नाही. पत्र माझ्यापुढे धरून एवढंच म्हणाली, "हाई मन्हं नई." पुढे ती कोपऱ्यावरच्या मास्तरांकडून लिहून घेऊ लागली.

शाळेसाठी मी जळगावला मामांकडे गेले. 1994 साली मी पंधराची होते. त्याच वर्षी शहरातलं वासनाकांड उघडकीला आलं. मुलींना फसवायचं, फोटो काढायचे आणि मग ते फोटो दाखवून पुन्हा बोलवायचं. राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाच्या तपासात पोलीस अधिकारी मीरा बोरवणकर होत्या, पण साक्षीला उभ्या राहिलेल्या बायका फार थोड्या. घरात पेपर आला की मामा घडी घालून उशीखाली ठेवत. ओट्यांवर कुजबुज एकच, "पण पोरी गेल्याच कशाला?" नेणाऱ्यांविषयी तसा प्रश्न कुणी विचारलेला मला आठवत नाही.

त्या दिवसांत मामीने माझी बिस्किटांची पेटी उघडली आणि आतली सगळी पत्रं बंबात घातली. धुळ्याच्या मैत्रिणींची पत्रं होती ती, मुलाचं एकही नव्हतं. मी रडले, भांडले. "कागद मागे राहायला नको," म्हणाली. तिच्यावरचा राग मी कितीतरी वर्षं जपला.

तिशीत 'ले लिएझाँ दांजरझ' इंग्रजीतून वाचली तेव्हा मामी आठवली. शोदेर्लो द लाक्लो या तोफखान्यातल्या अधिकाऱ्याने 1782 मध्ये छापलेली ही कादंबरी म्हणजे 175 पत्रं. त्यातली मार्कीझ द मेर्तॉय आपला नियम सांगते: प्रियकराला कधी एक ओळ लिहायची नाही. लहानपणीच गप्प बसून माणसं वाचायला शिकलेली, दुखलं तरी चेहरा हसरा ठेवायचा सराव केलेली ही बाई. मामीचं आणि तिचं शहाणपण एकाच खाणीतलं. फरक एवढाच की मेर्तॉय त्या शहाणपणाने दुसऱ्या बायकांची शिकार करते. आणि नियम मोडते तो आपला जुना प्रियकर आणि साथीदार व्हाल्माँ याच्यापुढे, कारण कुणाला तरी आपली हुशारी दाखवायची असतेच. तीच पत्रं तिला बुडवतात.

व्हाल्माँची मोहिनी वगैरे म्हणतात, मला त्यात टपालातली लबाडीच जास्त दिसली. ज्यांच्या तो मागे लागलाय त्या विवाहित तूरव्हेलबाई त्याचं पत्र फोडणार नाहीत म्हणून तो त्यावर दिजाँचा शिक्का मिळवतो. नवरा त्या बाजूला, बाईंना वाटतं त्याचंच आलं. पंधरा वर्षांच्या सेसीलला म्हणतो, तुझ्या प्रियकराची, दांसनीची, पत्रं सुखरूप पोचवतो, फक्त खोलीची किल्ली दे. त्या किल्लीने रात्री आत येतो. ती ओरडायला जाते तर विचारतो, किल्ली माझ्याकडे कशी आली हे काय सांगशील? इथे मी पुस्तक मिटलं. जळगावातले ते फोटोही त्या किल्लीसारखेच होते.

पुढे तोच तिला दांसनीसाठी पत्र सांगतो. हात सेसीलचा, शब्द त्याचे. दांसनीला ते तिच्या मनातलं वाटतं. पांझरेकाठचा तो ओटा तेव्हा मला लख्ख दिसला. मी नऊ वर्षांची होते, हेतू वाईट नव्हता, हे खरं. पण काका गाडीतून उतरले तेव्हा मला जे वाटलं होतं, ते व्हाल्माँला अनोळखी नसावं.

शेवट मला पटला नाही. व्हाल्माँ द्वंद्वात मरतो, मरताना पत्रं दांसनीच्या हवाली करून थोडा मोठाही होतो. मेर्तॉय मात्र दावा हरते, वर देवी येऊन चेहरा विद्रूप होतो, एक डोळा जातो. लेखकालाही अखेर बाईचं तोंडच खराब करावंसं वाटलं.

जळगाव जिल्ह्यातल्याच कवयित्री बहिणाबाईंनाही लिहिता येत नव्हतं. असोद्याच्या या लेकीच्या तोंडची गाणी तिच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि त्यांच्या मावसभावाने टिपली. 1951 साली त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी पुस्तक आलं. तिथेही हात दुसऱ्याचा होता, बोल मात्र बाईचे राहिले. इतकं साधं काम मला दोन ओळींपुरतंही जमलं नव्हतं.

मागच्या दिवाळीत धुळ्याला गेले. जिजी आता ऐंशीच्या पुढे; नातू सुरतेलाच. तिच्या हातात मोबाइल. "द्या जिजी, मी लिहून देते," मी हात पुढे केला. तिने माझ्याकडे पाहिलं, फोन दिला नाही. माइकचं चिन्ह अंगठ्याने दाबून धरलं, फोन अगदी ओठांशी नेला आणि मोठ्याने म्हणाली, "आठे समदं बरं शे. कव्हय येशी रे?"