बरणी आणि पिंप

"तुझे बाबा काय करतात?" असं शाळेत कुणी विचारलं, की आमची मुलं सांगतात, "पिंपं निवडतात!" खोटं नाही. कारखान्यातल्या पिंपांसाठी कुठलं स्टेनलेस स्टील घ्यायचं, हे ठरवणं माझं काम.

खरेदी खात्याचा नेहमीचा सवाल : ३०४ आणि ३१६ दिसायला सारखीच, मग महागाचं ३१६ कशाला? फरक आत असतो. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. क्रोमियममुळे वर एक अतिशय पातळ संरक्षक थर बसतो. मिठातलं क्लोराइड तो जागोजागी फोडतं आणि बारीक भोकं पडतात. ३१६ मधलं २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम त्याला पुष्कळ अटकाव करतं. वेल्डिंग असेल तर कमी कार्बनचं '३१६ एल' घ्यावं, म्हणजे जोडाशेजारी गंज धरायची भीती कमी. हायड्रोक्लोरिक ॲसिडपुढे मात्र दोन्ही हात टेकतात. तिथे प्लॅस्टिकचंच पिंप बरं.

माझी आई लोणचं कधी स्टीलच्या डब्यात भरत नसे. मीठ आणि आंबट धातूला खातं, हे तिला ठाऊक होतं.

एकदा मिठाच्या पाण्यासाठी ३०४ ची पिंपं मंजूर करा म्हणून वरून आग्रह झाला. मी सही केली नाही. बढती लांबली. "कशाला वाकड्यात शिरता?" सौ. म्हणाली. मी म्हटलं, "पिंप गळलं तर त्याच्याशेजारी साहेब नसतो, कामगार असतो." यावर ती काही बोलली नाही, पण पुढे तो विषय तिने काढला नाही.