चार बोटांचा खंडोबा

निरवांगीला आमच्या थोरल्या घरच्या देव्हाऱ्यात एक पितळी खंडोबा आहे. उंची उणीपुरी चार बोटे. पण तेवढ्यात घोडा, घोड्यावर देव, त्याला टेकून म्हाळसा, हातात खांडा, पायाशी कुत्रा, शिवाय टापांखाली दैत्याचे मुंडके! टाक सोनार पत्र्यावर ठोकून उठवतो. हा मात्र ओतीव. ओताऱ्याने आधी मेणाचा देव घडवायचा, त्यावर माती लिंपायची, आच लागून मेण वाहून गेले की त्या पोकळीत पितळेचा रस ओतायचा. मूर्ती काढायची ती साचा फोडूनच. म्हणजे ह्याच्या साच्याचा दुसरा देव जगात नाही.

ह्या देवाला आता नाकडोळे मात्र राहिलेले नाहीत. दर दिवाळीला चिंच आणि राख! चिंच काळेपणाबरोबर थोडे पितळही नेते, राख उरलेले घासते. म्हाळसेचा चेहरा गुळाच्या खड्यासारखा गुळगुळीत झाला आहे.

आमची शेते वाटली गेली, विहिरीच्या पाळ्या वाटल्या गेल्या. देव तेवढा राहिला. यंदा पुतण्याने काढलेच, "आजी, हा मोडीत घालू, नवं पितळ मिसळून तीन देव ओतून घेऊ. तिन्ही घरी एकेक." त्याचे अगदीच चूक नव्हते. झिजलेले टाक मोडून नवे करण्याची चाल आहेच. मी आपले पुणेरी ज्ञान पाजळले: शंभर वर्षांवरची मूर्ती १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, दिनकर केळकरांनी घराघरांतले असलेच दिवे, अडकित्ते, देव जमवून पुण्यात केवढे संग्रहालय उभे केले! कोणी ऐकले नाही.

काकी वाती वळीत होत्या. म्हणाल्या, "त्याचं तोंड काय चोरानं न्हेलं? माझ्या सासूच्या बोटांनी गेलं, माझ्या बोटांनी गेलं. ते भट्टीत घालता व्हय?"

"मग दोन घरांनी काय करायचं?"

"हितं यायचं."

चिंच त्या दिवसापासून बंद झाली. आता कोमट पाणी, मऊ फडके आणि भंडारा. चंपाषष्ठीला देवाला जेजुरीला भेटीला न्यायचे ठरले आहे. कोणाच्या ओटीत न्यायचे, ते ठरायचे आहे; तिन्ही घरच्या सुना तयार आहेत.