राणी घेतली, कव्हर दिले, मग गुण कोणाचे?

बोनस म्हटला की कामगाराच्या घरात दिवाळी आठवते. आमच्या मुलाबाळांना मात्र तो उन्हाळ्याच्या सुट्टीत, कॅरमच्या पटावर भेटतो. पटाच्या मधोमध बसलेली लाल सोंगटी, म्हणजे राणी, हा त्या खेळातला बोनसच आहे. याच राणीपायी आमच्या घरात मागच्या सुट्टीत दोन दिवस अबोला होता, म्हणून हा विषय वाचक बंधू-भगिनींपुढे मांडावासा वाटला.

धुळ्याहून आमचा भाचा जळगावला आला होता. त्याचा आणि आमच्या मुलीचा डाव रंगला. राणी भाच्याने घेतली, बोर्ड मुलीने जिंकला आणि भांडण पेटले. भाचा म्हणे, "मामा, राणी मी घेतली, कव्हर बी मीच दिलं. गुण माझेच ना?" मुलगी म्हणे, "बोर्ड जिंकेल त्याचेच सगळे गुण." दोघांच्या गल्लीत नियम वेगळे, आणि खेळण्याआधी कोणीच कोणाला विचारले नव्हते.

आम्ही पडलो कारकून. आधी नियम पाहायचा, मग बोलायचे, ही आमची सवय. स्पर्धेतला नियम असा आहे : काळ्या 9, पांढऱ्या 9 आणि राणी 1. ज्याच्या सोंगट्या आधी संपतील तो बोर्ड जिंकतो आणि समोरच्याच्या जितक्या सोंगट्या पटावर उरतील तितके गुण त्याला मिळतात. राणीचे गुण 3. पण ते सहजासहजी हाती येत नाहीत. आपली निदान एक सोंगटी आधी गेलेली असावी लागते. राणी घेतल्यावर लगेच आपली सोंगटी घालून कव्हर द्यावे लागते, नाही तर राणी परत पटावर येते. इतके करूनही जो बोर्ड हरतो, त्याला राणीचे गुण नाहीत. आणि जिंकणाऱ्याने राणी घेतलेली नसेल, तर त्यालाही ते मिळत नाहीत. म्हणजे आमच्या घरातल्या भांडणात राणीचे तीन गुण दोघांपैकी कोणाचेच नव्हते!

आणखी एक गंमत पाहा. डाव 25 गुणांचा किंवा 8 बोर्डांचा असतो. खेळाडूचे 22 गुण झाले की पुढे त्याला राणीचे गुण मिळत नाहीत. हिशेब करून पाहिला तर कारण कळते. 22 वर असताना राणीचे 3 मोजले असते, तर समोरच्याची एकच सोंगटी उरली तरी डाव संपला असता. नियम म्हणतो, शेवटचे गुण सोंगट्यांवरच मिळवा. बोनस हा मेहनतीच्या जोडीला आहे, तिच्या जागी नाही, हे मुलांना यापेक्षा सोपे करून कोण सांगणार?

आता कोणी म्हणेल, घरच्या खेळात एवढा काथ्याकूट कशाला? काळीला 10, पांढरीला 20, राणीला 50 असे धरून कितीतरी घरांत खेळतात. जरूर खेळावे. पण ठरवायचे ते डाव मांडण्याआधी, सर्वांसमोर, आणि शक्य तर कागदावर. डाव अर्ध्यावर आल्यावर ज्याचा आवाज मोठा त्याचा नियम चालतो. मग लहानांचे आणि मुलींचे गुण बुडतात. आम्ही पुठ्ठ्यावर नियम लिहून तो पटाच्या मागे चिकटवला आहे. आता भाऊ-बहीण भांडण्याआधी पट उलटा करून वाचतात.

कॅरम म्हणजे रिकामपणाचा उद्योग, असेही कोणी समजू नये. जळगावच्या जैन इरिगेशनच्या संघाने कॅरमपटूंना स्थान दिले आहे. मारिया इरुदयम यांना 1996 साली कॅरमसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. 2024 साली अमेरिकेत झालेल्या विश्वचषकात चेन्नईच्या एका रिक्षाचालकाची मुलगी, काझिमा, हिने तीन सुवर्णपदके जिंकली. तेव्हा पालकांनो, पटाभोवती मुलींनाही बसवा, आणि गुण लिहायची वहीही त्यांच्याकडे द्या.