आयोवातली महापूजा

विवेक रामस्वामींनी २०२५ मध्ये ओहायोच्या गव्हर्नरपदासाठी उमेदवारी जाहीर केली, तेव्हापासून आमच्या मॅड्रिडच्या देवळात जेवणाच्या रांगेत एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘पण त्या दिवशी टीव्हीवर काय सुरेख उत्तर दिलं होतं हो त्याने!’ (मॅड्रिड म्हणजे आयोवातलं, मक्याच्या शेतांतलं आमचं, स्पेनमधलं नव्हे.) मी मान डोलावते, वरण वाढून घेते आणि पुढे सरकते. मला ते उत्तर वाईट वाटलं नव्हतं. राग आला होता तो प्रश्नाचा, आणि त्याहून जास्त रांगेतल्या कौतुकाचा. का, ते तिथे उभ्या उभ्या सांगता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

प्रसंग डिसेंबर २०२३ चा, रामस्वामी रिपब्लिकन पक्षाकडून अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे होते तेव्हाचा. डी मॉइनच्या ग्रँड व्ह्यू विद्यापीठात सीएनएनचा कार्यक्रम होता. कॉकस, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडण्यासाठी आयोवात होणारं मतदान, महिन्यावर आलेलं. एका मतदाराने विचारलं की, देशाच्या संस्थापकांनी ज्या धर्माच्या पायावर हा देश उभारला तो तुमचा धर्म नाही, म्हणून तुम्ही अध्यक्ष होऊ शकत नाही असं म्हणणाऱ्यांना काय सांगाल? प्रश्नात कडवटपणा अजिबात नव्हता. आयोवात कडवट कुणी बोलतच नाही, सगळं साय लावून. रामस्वामी म्हणाले की मी हिंदू आहे आणि मतांसाठी धर्म बदलल्याचं सोंग करणार नाही. ख्रिस्ती धर्माचा देशभर प्रसार करायला मी योग्य अध्यक्ष नव्हे, हेही कबूल केलं. आणि मग सांगत गेले की लग्नाचं पावित्र्य, आईवडिलांचा मान, देवाने प्रत्येकाला काही कार्यासाठी पाठवलं आहे ही श्रद्धा, यांतलं तुमच्यापेक्षा वेगळं काय आहे? प्रचारात इतरत्रही ते आपल्या कॅथलिक शाळेची आणि तिथे वाचलेल्या दहा आज्ञांची आठवण काढत. थोडक्यात, माझा हिंदू धर्म तुमच्या ओळखीचाच आहे, घाबरू नका.

आता या देशाच्या राज्यघटनेचं सहावं कलम स्पष्ट सांगतं की कोणत्याही सरकारी पदासाठी धर्माची परीक्षा घेतली जाणार नाही. अध्यक्षाच्या शपथेत देवाचं नाव नाही. बायबलवर हात ठेवण्याची सक्ती नाही. जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी १८२५ मध्ये कायद्याच्या ग्रंथावर शपथ घेतली होती. सरकारने परीक्षा घ्यायची नाही, हे झालं. मतदाराने घ्यायची नाही, असं मात्र कुठेही लिहिलेलं नाही, आणि लिहिता येणारही नाही.

मला अशा वेळी पंढरपूर आठवतं. आषाढी एकादशीला पहाटे मुख्यमंत्री सपत्नीक विठ्ठलाची शासकीय महापूजा करतात. हेही आपल्या घटनेत कुठे नाही. पण एखाद्या मुख्यमंत्र्याने ‘मला त्यात रस नाही, मी सकाळी उठून फायली बघतो’ असं म्हणून दाखवावं! २०१८ मध्ये मराठा आंदोलनामुळे देवेंद्र फडणवीस पंढरपूरला गेले नाहीत, तर त्यांनी ‘वर्षा’वर घरी पूजा केली आणि तीही बातमी झाली. शेजारी रांगेतून निवडलेलं मानाच्या वारकऱ्यांचं जोडपं, त्यांना एसटीचा वर्षाचा पास, मग माइकसमोर पाऊस चांगला पडू दे आणि बळीराजा सुखी होऊ दे हे मागणं. पक्ष कोणताही असो, मागणं तेच. माझे वडील दर आषाढीला रेडिओ लावून बसायचे आणि मुख्यमंत्र्याने काय मागितलं ते ऐकून ‘हं, बरोबर’ म्हणायचे, जणू हजेरी घेत होते. ‘सपत्नीक’ हाही त्यातला मोठा भाग. इकडेही उमेदवाराशेजारी जोडीदार लागतोच. जन्मभर अविवाहित राहिलेला अध्यक्ष आजवर एकच, जेम्स ब्युकॅनन, आणि ती गोष्ट यादवी युद्धाच्या आधीची. मला दोन्हीकडचं हे जोडीने उभं राहणं थोडं हास्यास्पद वाटतं, पण फोटो आला की मीही आधी साडी बघते.

साम्य मात्र इथपर्यंतच. पंढरपुरात मुख्यमंत्र्याला कुणी विचारत नाही की बाबा रे, तुझा विठ्ठलावर खरंच विश्वास आहे का? पायावर डोकं टेकवलं, पुरे झालं. मनात काय आहे ते विठ्ठल आणि तो बघून घेतील. आयोवात पायावर डोकं टेकवून भागत नाही. इथे साक्ष द्यावी लागते, चारचौघांत, आपल्या तोंडाने, की मी मानतो आणि का मानतो.

हे पहिल्यापासून असं नव्हतं. १९२८ मध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीत अल स्मिथ हरले त्याला त्यांचं कॅथलिक असणं हे एक मोठं कारण होतं. तेव्हा प्रश्न पंथाचा होता. १२ सप्टेंबर १९६० ला ह्यूस्टनच्या राइस हॉटेलात जॉन केनेडी प्रॉटेस्टंट पाद्र्यांसमोर उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं की माझा धर्म ही माझी खासगी बाब आहे, व्हाइट हाउस पोपचं ऐकणार नाही. निवडून आले. मग १९७६ मध्ये जिमी कार्टर आले. रविवारी चर्चमध्ये बायबल शिकवणारे, आपला नव्याने जन्म झाला आहे असं सरळ सांगणारे. माणूस सच्चा होता, त्याबद्दल शंका नाही. पण त्यांच्यानंतर मतदारांना तसं ऐकायची सवय लागली. ६ डिसेंबर २००७ ला मिट रॉम्नींनी केनेडींसारखंच भाषण करायचं ठरवलं, तेही टेक्सासमध्येच, ह्यूस्टनपासून मोटारीने दीड-दोन तासांवर. पण ‘खासगी बाब’ म्हणून त्यांना सुटता आलं नाही. आपल्या मॉर्मन पंथाचं नाव त्यांनी अख्ख्या भाषणात एकदाच घेतलं, आणि येशू हा देवाचा पुत्र आहे असं मी मानतो, हे मात्र स्पष्ट म्हटलं. महिन्याच्या आत आमच्या आयोवाने त्यांना हरवून माइक हकबींना जिंकवलं. हकबी पूर्वाश्रमीचे बाप्टिस्ट पाद्री.

त्याच निवडणुकीत ओबामांची तर दोन्हीकडून कोंडी. शिकागोतल्या त्यांच्या चर्चचे पाद्री जेरमाया राइट यांच्या प्रवचनांवरून गदारोळ, आणि तेच लोक कुजबुजणार की हा छुपा मुसलमान आहे. म्हणजे माणूस चुकीच्या चर्चला जातो आणि चर्चला जातच नाही, दोन्ही आरोप एकाच तोंडाने. तो ख्रिस्ती आहे असं सगळे समजावत होते. मुसलमान असता तर काय बिघडलं, हे मोठ्या व्यासपीठावरून विचारलं ते कॉलिन पॉवेल यांनी, आणि तो रिपब्लिकन माणूस होता.

गॅलपची जुनी पाहणी आहे, ‘तुमच्या पक्षाने अमक्या प्रकारचा लायक उमेदवार दिला तर मत द्याल का?’ कॅथलिकाला देऊ म्हणणारे १९३७ मध्ये ६० टक्के होते, २०२० मध्ये ९५. मुसलमानाला ६६. नास्तिकाला १९५८ मध्ये फक्त १८ टक्के तयार होते. २०२० मध्ये ६०, म्हणजे मुसलमानाच्याही खाली. कुठलाही देव चालेल, पण देव हवा, असा काहीसा हा हिशेब. आमच्या रांगेतल्या कौतुकाचा मला राग येतो तो यामुळे. आपला माणूस परीक्षेत पास झाला म्हणून आपण टाळ्या वाजवतो. उद्या आपल्याच घरातला एखादा देव न मानणारा मुलगा उभा राहिला तर त्याच्यासाठी ही रांग काय म्हणेल? आणि सय्यद आडनावाचा कुणी उभा राहिला तर?

यावर कुणीही म्हणेल, मग ट्रम्प? त्यांनी २०१६ मध्ये लिबर्टी या ख्रिस्ती विद्यापीठात बायबलमधल्या एका पुस्तकाचं नाव असं काही उच्चारलं की विद्यार्थी हसले. तरी कडव्या ख्रिस्ती मतदारांनी त्यांना उचलून धरलं, आणि १५ जानेवारी २०२४ च्या हाडं गोठवणाऱ्या रात्री आयोवात त्यांना ५१ टक्के मतं पडली. रामस्वामींना आठच्या आत. त्याच रात्री त्यांनी माघार घेऊन ट्रम्पना पाठिंबा दिला. माझ्या मते, जो आपला रखवालदार आहे असं लोकांना वाटतं, त्याला साक्षीतून सूट मिळते. बाहेरून आलेल्याला मिळत नाही, त्याला पाठांतर चोख लागतं.

आमची परीक्षा अर्थात लहान असते. नव्याने आलेल्या मुलामुलींना (विमा कंपन्यांत दर वर्षी येतात) इथे पहिल्याच महिन्यात शेजारी विचारतात, ‘कोणत्या चर्चला जाता?’ घाबरू नका. ‘मॅड्रिडच्या देवळात जातो’ म्हणा, जात नसाल तर ‘कुठे जात नाही’ म्हणा, पण हसून म्हणा. वेदान्त समजावू नका. पुढचं वाक्य बहुधा ‘मग बुधवारी आमच्याकडे जेवायला या’ हे असतं, आणि जरूर जा. चर्चच्या तळघरातलं जेवण म्हणजे प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा. शाकाहारी असाल तर दोन गोष्टी सांभाळा : घेवड्याच्या भाजीत बेकन असतं, आणि सॅलड म्हणून जी थरथरणारी रंगीत गोष्ट ठेवलेली असते तिच्यात जिलेटिन. आपण न्यायचं तर कोथिंबीर वडी न्या, तळून, मिरची निम्मी घालून. साबुदाण्याची खिचडी नेऊ नका, गार झाली की तिचा गोळा होतो. भांड्याच्या तळाला चिकटपट्टी लावून तिच्यावर आपलं नाव लिहा. सगळ्यांची काचेची भांडी सारखीच असतात, आणि माझं एक अजून लुथरनांकडे आहे.