चावीची आगगाडी

गेल्या वर्षी उन्हाळ्यात लंडनला मुलाकडे गेले होते. राजवाडा झाला, संग्रहालये झाली, पूल झाले, शेवटी एका सकाळी मी म्हटले, "आता मला खेळण्यांच्या दुकानात न्या." सूनबाई हसली. सत्तरी उलटलेल्या सासूला खेळणे हवे म्हणजे जरा अतिच झाले! नातवाला मात्र त्यात काही वावगे दिसले नाही. त्याने मुकाट्याने माझ्या चपला पुढे आणून ठेवल्या.

रीजंट स्ट्रीटवरचे हॅम्लीज म्हणजे खेळण्यांचे सात मजली घर. दारातच एक तरुण विक्रेता विमान फेकत होता आणि ते गिरकी घेऊन पुन्हा त्याच्याच हातात येत होते. आत मुले वाटेल ते उचलून पाहत होती, आणि त्यांना कोणी रागावत नव्हते. उलट विक्रेतेच त्यांच्यात खेळत होते. माझे हात मात्र, माझ्याही नकळत, पाठीमागे गेले होते.

या हातांची एक जुनी हकीकत आहे. मी सहा वर्षांची असताना दिवाळीला आम्ही कोल्हापूरला मामांकडे गेलो होतो. मामेभावासाठी मुंबईहून चावीची आगगाडी आणली होती. दुपारी सगळे निजले असताना मी तिला चावी दिली. आणखी दिली. कट्ट असा आवाज झाला आणि गाडी जी थांबली ती थांबलीच. मामा आले तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना. "मी मोडली," अण्णा म्हणाला. तो तेव्हा नऊ वर्षांचा. मामांनी मारले नाही. पण गाडी काचेच्या कपाटात गेली, आणि 'मोडतोड्या' हे नाव अण्णाला पुढे कित्येक वर्षे पुरले. खरे काय ते मी कधी बोलले नाही.

दुकानाचा इतिहास मी घरी येऊन वाचला. कॉर्नवॉलमधल्या बॉडमिन गावच्या विल्यम हॅम्लीने १७६० साली लंडनच्या हाय होबर्नमध्ये दुकान थाटले आणि नाव ठेवले 'नोआची नौका'. प्रलयात तरलेल्या नौकेचे नाव. आणि पुढे प्रलयही काही थोडे आले नाहीत! १८८१ मध्ये रीजंट स्ट्रीटवर शाखा निघाली. १९०१ साली होबर्नचे दुकान आगीत गेले. त्यातून सावरले तर मंदीने गाठले, आणि १९३१ मध्ये दारे बंद झाली. तेव्हा ते विकत घेतले खेळणी बनवणाऱ्या वॉल्टर लाइन्सने. हे तिघे भाऊ. तीन 'लाइन्स' म्हणजे तीन रेषा, तीन रेषांचा त्रिकोण. म्हणून त्यांच्या खेळण्यांचे नाव 'ट्राय-अँग'. त्यांनी दुकानाला पुन्हा चावी दिली, आणि १९३८ मध्ये क्वीन मेरीने राजमान्यताही दिली. मग महायुद्ध आले. दुकानावर पाच वेळा बॉम्ब पडले. गिऱ्हाइकांना आत सोडणे धोक्याचे. म्हणून डोक्यावर लोखंडी टोप घातलेले नोकर दारातच मागणी घेत आणि आत धावत जाऊन खेळणे आणून देत. अशा दिवसांत पोरासाठी खेळणे मागायला येणाऱ्या त्या आयांचे मला फार कौतुक वाटते.

अलीकडे मालक भराभर बदलले: आइसलंडचे, फ्रान्सचे, चीनचे, आणि २०१९ मध्ये ते दुकान आपल्या मुंबईच्या रिलायन्सने घेतले. मुंबईत तर त्याची शाखा २०१० सालीच निघाली होती. हे सूनबाईने मला सांगितले ते खरेदी झाल्यावर. असो.

खरेदी म्हणजे एक तांबडी आगगाडी. मी चावीची मागत होते. विक्रेत्याने बॅटरीवरची काढली आणि सरळ माझ्या तळहातावर ठेवली.

भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर ती मी अण्णाच्या पुढे ठेवली. पासष्ट-सहासष्ट वर्षे घशात अडकलेले सांगायला तोंड उघडले, तोच त्याने चष्मा सावरून गाडी उलटी केली.

"हिला चावी कुठे आहे गं?"

"चावी नाही रे, बटण आहे."

"बरे झाले," अण्णा म्हणाला. "आता तुझ्या हातून मोडायची भीती नाही."