व्हॅन खाली बसवावी का?

माझा भाचा मिरजेत ईको चालवतो. गाडी कर्जाची आहे. आसपासच्या खेड्यांतून पेशंट आणि त्यांचे नातेवाईक दवाखान्यात आणायचे, डिस्चार्ज झाला की घरी पोहोचवायचे, हा त्याचा रोजचा धंदा. गेल्या महिन्यात त्याने विचारले, "मामू, गाडी थोडी खाली बसवून मागे स्पॉयलर लावला तर? पोरं म्हणतात, गाडी रस्त्याला चिकटून पळते."

पोरांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. गाडी खाली आली की तिचा गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणावर ती कमी झुकते. उंच, अरुंद व्हॅनला याचा फायदा सपाट कारपेक्षा जास्तच. जपानमध्ये जुन्या डॉज व्हॅन अशाच खाली बसवून रेसच्या ट्रॅकवर पळवतात. पण ते काम ठरलेल्या मापाच्या स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे शॉकअप घालून केलेले असते. आपल्याकडचा स्वस्त उपाय म्हणजे आहे तीच स्प्रिंग ग्राइंडरने कापणे.

कापलेली स्प्रिंग नुसती आखूड होत नाही, कडकही होते. आठ वेढ्यांच्या स्प्रिंगचे दोन वेढे कापले की ती सुमारे एक तृतीयांशाने कडक होते. शिवाय चाकाला वर-खाली व्हायला जागा कमी उरते. खड्डा आला की शॉकअप तळाला आपटतो आणि तो दणका थेट सीटवर येतो. पोटाला टाके असलेल्या बाईला किंवा पायात रॉड घातलेल्या म्हाताऱ्याला तो दणका काय वाटत असेल, हे मी भाच्याला वेगळे सांगितले नाही. त्याने असे पेशंट माझ्यापेक्षा जास्त पाहिलेत.

आता स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानुसार तो 10 सेंटीमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद हवा. आपल्या गल्लीत लोकांनी रातोरात घातलेला उंचवटा हे माप वाचून घातलेला नसतो. सात माणसे बसली की गाडी आधीच दबते. त्यात ती दोन इंच खाली आणली, तर पोट घासणारच.

स्पॉयलरचे गणित सोपे आहे. हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 120 ला तो जितका असेल, त्याच्या नवव्या हिश्श्याएवढाच ताशी 40 ला असतो. भाच्याची गाडी साठ-सत्तरच्या पुढे क्वचितच जाते. त्या वेगाला फायबरचा स्पॉयलर गाडीला फारसा दाबत नाही आणि डिझेल-पेट्रोलही वाचवत नाही. तो दिसतो, एवढेच.

कायद्याचेही पाहावे. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई करते. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. उद्या अपघात झाला, तर विमा कंपनी याच बदलावर बोट ठेवेल. कर्जाच्या गाडीला हे परवडणारे नाही.

तरीही भाच्याच्या हौसेला मी हसत नाही. दिवसभर दुसऱ्यांची दुखणी वाहून नेणाऱ्या पोराला वाटते, स्टँडवर उभ्या दहा पांढऱ्या व्हॅनमध्ये आपली वेगळी ओळखू यावी. आपले ट्रकवाले पिढ्यान्‌पिढ्या गाड्या रंगवतात, गोंडे लावतात, मागे शेर लिहितात. त्याला कुणी उधळपट्टी म्हणत नाही. गाडी हीच ज्याची रोजीरोटी, त्याने ती सजवावीच.

म्हणून मी त्याला हिशेब मांडून दिला. स्प्रिंगांना हात लावू नकोस. त्या पैशात आधी चांगले टायर, नवे शॉकअप आणि ब्रेकचे काम कर. वळणावर गाडी धरून ठेवायची असेल तर ती यानेच धरेल. उरलेल्या पैशात सीटला जाड फोम आणि चांगले कव्हर घाल. आणि मागच्या काचेवर तुला आवडेल ते नाव सुंदर अक्षरांत रंगवून घे.

"म्हणजे स्पॉयलर नकोच?" त्याने विचारले.

"पेशंट मागे बसतात," मी म्हटले, "खर्चही आतच कर."

कव्हरचा रंग मात्र त्याने स्वतः निवडला. भडक लाल.